गोदाच्या दारातलं गाऱ्हाणं

पूर्णगड, ता. ६ डिसेंबर १९३१

चि. कमळा हिस आप्पाचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शाळामास्तरांच्या हातून लिहून घेतला. त्यांना सांगितलं, हाताला लचक भरली आहे. हात चांगला आहे. येत्या शिमग्याला दोन वर्षं होतील, तू ट्रंक उचलून निघालीस आणि खाडीवरच्या तरीत बसेपर्यंत मागे वळून बघितलं नाहीस. मीही हाक मारली नाही. तुझा हट्टी स्वभाव कोणावर गेला हे गावाला सांगायला नको.

लिहिण्यासारखं खास काही नाही. पडवीचा वासा कुजला होता तो बदलून घेतला. तुझ्या आईचं श्राद्ध नीट पार पडलं. तुझ्या शाळेची चौकशी मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाकडे करतो. तुला चौथीचा वर्ग दिला असं ऐकलं, बरं वाटलं.

दुसरं म्हणजे मला झोप येत नाही. जेवणही जात नाही. वैद्य म्हणाले पित्त आहे, काढा घ्या. काढ्याने तोंड तेवढं कडू झालं.

पडवीत बसलं की समोर दगडांचा गडगा आणि गडग्यापलीकडे गंगारामचं घर. तुझा राग त्या घरावरून, म्हणून त्याविषयी एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण पडवीचं तोंड दुसरीकडे फिरवता येत नाही, त्याला मी काय करू? गंगारामला गावातल्या मचव्यावर कोणी घेत नाही म्हणून तो जयगडच्या मचव्यावर तांडेल होऊन दर्यावर गेला आहे, तो पावसाच्या तोंडावर येईल. घरात त्याची आंधळी आई गंगुबाई आणि बायको गोदा. गोदाला सातवा महिना आहे. देवळाकडची विहीर त्यांना बंद, त्यामुळे ती खाडीच्या अंगाला झऱ्यावर उतरते आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन चढ चढते. मधे दोनदा बसते. मी काही मुद्दाम बघत नाही.

तो झरा चैत्रात आटतो. गेल्या चैत्रात तिने दोन कोसांवरून पाणी आणलं. या चैत्रात कडेवर पोर असेल.

तुला वाटेल, म्हातारा विरघळला. तसं समजू नको. गंगाराम रत्नागिरीला सगळ्या जातींच्या एका पंगतीत बसून जेवला, आणि गप्प बसायचं सोडून गावात येऊन छातीठोक सांगितलंन. गावाने काहीतरी करायला हवंच होतं. वाळीत टाकायचा ठराव मी लिहिला, कारण सरळ ओळीत लिहिणारा गावात दुसरा नाही. पहिली सही माझी, कारण मान माझा. तू म्हणालीस, तुमच्या वळणदार अक्षराची मला लाज वाटते. बापाला असं कोणी बोलत नाही.

काढा चालू आहे.

तुझा,
आप्पा

पूर्णगड, ता. १७ जानेवारी १९३२

चि. कमळास आशीर्वाद.

पित्त गेलं. कसं गेलं ते सांगतो, पण मनातल्या मनात ठेव.

गेल्या महिन्यात एके सकाळी विहिरीवरून येताना भरलेली कळशी मी गडग्यावर ठेवली आणि विसरलो. दुपारी बघितलं तर कळशी रिकामी, पालथी घातलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरलो. आता रोज विसरतो. ठरावात काय काय आहे ते माझ्याइतकं कोणाला पाठ असणार? विस्तव देऊ नये, पाणी देऊ नये, बोलू नये, तरीत घेऊ नये, न्हाव्याने, परटाने जाऊ नये. विसरू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी कळशी रिकामी बघितली आणि त्या रात्री मेल्यासारखा झोपलो. सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथी संपत आल्यावर लक्षात आलं. काल मासळी घेताना कोळिणीशी चक्क थट्टा केली, ती घाबरून दोन बांगडे जास्त टाकून गेली. कमळे, एका कळशीने एवढा फरक पडतो हे मला चौसष्टाव्या वर्षी कळावं, याचा थोडा रागच आला.

संक्रांतीला गडग्यावर तिळगूळ ठेवला. तिळगूळ देताना जे बोलायचं ते बोललो नाही, कारण बोलायला बंदी. गोदा आली, पुडी उचललीन, माझ्याकडे बघितलंनसुद्धा नाही. मी समजलो, बंदी ती पाळते आहे. पोरीला रीत कळते.

एक मात्र झालं. परवा भागोजी आला. आता गावकीचा म्होरक्या तो आहे, त्याच्या बापासारखाच गोड बोलतो. गडग्याला टेकून उभा राहिला, कळशीवर बोटं वाजवलीन आणि म्हणाला, "आप्पानू, कळशी हितं ऱ्हाते व्हय रोज?"

"ऱ्हाते. वय झालं."

"वय झाल्यावर मान्साला जपावं लागतं," एवढं म्हणून गेला. ज्याचं नाव ठरावात पहिलं, त्याचंच नाव पुढच्या ठरावात आलं तर? माझ्या घरी मी एकटा. मेलो तर उचलायला चार माणसं लागतात, आणि ती चारही भागोजीच्या शब्दात.

तरी आज सकाळी विसरलोच.

आप्पा

पूर्णगड, ता. १४ फेब्रुवारी १९३२

कमळे,

गोदा मोकळी झाली. मुलगी आहे. दोघी जिवंत आहेत. पुढचं लिहावं की नाही याचा सकाळपासून विचार करतो आहे.

गुरुवारी सकाळी गंगुबाई भिंतीला धरून गडग्यापर्यंत आली आणि मी नव्हतो त्या दिशेला तोंड करून ओरडली, "कोन हाय का तिकडं? सून अडलीय माझी!" बोलायला बंदी, म्हणून मी उत्तर दिलं नाही. वहाणा घातल्या आणि चिमा सुइणीकडे गेलो. लिहिताना बरं वाटतं, पण उत्तर दिलं नाही हेही लिहायलाच हवं.

चिमा दारातच अडली. "आप्पानू, मी तिथं ग्येले तर उद्या माजी चूल कोन पेटू देल?"

मी म्हटलं, "ठरावात न्हावी आहे, परीट आहे. सुईण नाही. मी लिहिलाय."

"ऱ्हायली का मुद्दाम ठेवलीत?"

खरं म्हणजे राहिली होती. तेव्हा त्या घरात कोणी पोटुशी नव्हतं, मग सुईण कोणाला सुचणार? मी म्हटलं, "मुद्दाम ठेवली." चिमा कमरेला पदर खोचून निघाली.

मी चूल पेटवून पाणी तापवलं आणि कळशी गडग्यावर ठेवली. चिमा आली, कळशी उचललीन, आत गेली, आणि भरलेली कळशी तशीच परत घेऊन आली. "घेत नाय ती. बोलते, आप्पाचं नको. झऱ्याचं आना."

मला वाटलं, वेदनेत बडबडते आहे. तेवढ्यात त्यांच्या पडवीतून गंगुबाई बोलली. आंधळ्या माणसाला आपण कोणाशी बोलतो हे नेमकं ठाऊक असतं. "आप्पा, दोन म्हयनं तुजं पानी सून माडाच्या बुडात वतते. थेंब नाय प्याली. म्हनते, चोरून दिलेलं पानी चोरानं प्यावं. आमी कुनाची चोरी केली नाय."

दोन महिने मी पोटभर जेवत होतो, झोपत होतो, स्वतःवर खूश होतो, आणि ती सातव्या, आठव्या, नवव्या महिन्यात चढ चढतच होती. मला वाटायचं तिच्या खेपा कमी झाल्या. मी बघायचाच थांबलो होतो. आता बघायची गरज काय, असं झालं होतं माझं.

झऱ्यावर गेलो. सदतीस पायऱ्या खडकात आहेत आणि बाकीचं नुसतं घसरण. पाणी करवंटीने भरावं लागतं, एवढं कमी आहे. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला मधेच बसलो, तो खालून चढताना गोदा रोज जिथे बसायची तोच दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. चिमाला सांगितलं, हे पाणी मी आणलं असं तिला बोलू नको. चिमा म्हणाली, "पुन्हा चोरूनच का?" तरी तिने आत नेलं आणि सांगितलं नाही.

पोर रडलं तेव्हा मी पडवीत होतो. आनंद झाला. झोप मात्र पुन्हा गेली, आणि या वेळी काढा मागायला गेलो नाही.

आप्पा

पूर्णगड, ता. २० मार्च १९३२

कमळे,

परवा होळी, मग पालखी बाहेर पडेल. मुंबईकर आले, गाव भरलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे, सवय म्हणून.

भागोजी काल येऊन पडवीत बसला. पान लावलंन, मलाही दिलंन. सुईण त्या घरात गेली, पाणी गेलं, सगळं त्याला ठाऊक आहे. म्हणाला, "आप्पानू, झालं ते झालं. पालखी तुमच्या दारातून निगाली की गंगारामचं दार येतं. गेल्या वर्सी जसं नाकासमोर बगून ग्येलात तसं जावा. मग माजं तोंड बंद."

"आणि नाही गेलो तर?"

"मग तुमी बी त्या गडग्याच्या पल्याड."

तुला ठाऊक आहे हा दिवस म्हणजे काय. ज्या दारी पालखी थांबली ते घर गावात, जे वगळून गेली ते बाहेर, आणि ठराव उठायचा तर याच दिवशी, नाहीतर पुढच्या शिमग्यापर्यंत नाही. झऱ्याला बोटभर धार आहे. चैत्र लागला की गोदा तान्ही पोर आणि आंधळी सासू घेऊन गाव सोडील, दुसरं काय करील? भागोजीला तेच हवं आहे की काय कोण जाणे.

तीस वर्षं दारोदार पालखीपुढे उभा राहून त्या त्या घराचं गाऱ्हाणं देवाला मी घालतो. मी बोलायचं आणि गावाने "व्हय महाराजा" म्हणायचं. तुझी आई म्हणायची, वर्षभर कुरकुरणारा माणूस त्या दिवशी कसा राजासारखा दिसतो. दुसरं काय आहे माझ्याकडे?

मी काही ठरवलेलं नाही. भागोजीचं पान खाल्लं, हे लिहून ठेवतो.

आप्पा

पूर्णगड, ता. २७ मार्च १९३२

प्रिय कमळा,

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

पालखीच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं होतं. भागोजीच्या दारचं गाऱ्हाणं झालं, माझ्या दारचं झालं, आणि पालखी गडग्याच्या कडेने पुढे निघाली. गेल्या वर्षी गोदाने अंगण सारवून रांगोळी घातली होती आणि आम्ही त्या रांगोळीसमोरून ढोल वाजवत गेलो होतो. या वर्षी अंगण तसंच होतं, पाचोळ्यासकट. गोदा दारात पोर घेऊन उभी होती, हात जोडलेले नव्हते. गंगुबाई मात्र पडवीत बसून ढोलाच्या दिशेला हात जोडून होती.

मी थांबलो. पाय आपोआप थांबले असं लिहिणं सोपं आहे. मी थांबवले. आणि मोठ्याने म्हटलं, "हे देवा महाराजा!"

ढोल बंद झाला. गाऱ्हाणं सुरू झालं की ढोल बंद होतो, पालखी थांबते, आणि गावाने व्हय म्हणेपर्यंत ती खांद्यावरून उतरत नाही की पुढे जात नाही. हे देवाने सांगितलंय की कोणा माझ्यासारख्याने ठरवलंय ते ठाऊक नाही, पण आजवर कोणी मोडलेलं नाही.

"हे गंगारामाचं घर, महाराजा! ही त्याची आई, ही त्याची बायको, हे सवा महिन्याचं लेकरू! तू कुणाला वगळून कधी गेलास नाय, आमीच हे दार वगळून तुला नेला!"

कोणी व्हय म्हटलं नाही. तीनशे माणूस, आणि माडाच्या झावळ्यांचा आवाज ऐकू येत होता. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"ठराव ह्या आप्पानं लिवलान, महाराजा! पयली सही ह्या आप्पाची! ही पोटुशी बाई खाडीचा चढ चढत होती तो ह्या आप्पानं पडवीत बसून बगितलान! चोरून पानी दिलान आनि सोताला पुण्यवान समजलान! जी काय चूक असंल ती ह्या आप्पाच्या पदरात घाल, आनि ह्या घराला गावाच्या पाण्यावर घे, महाराजा!"

पुन्हा गप्प. भागोजी मागून दातओठ खाऊन म्हणाला, "उचला रे, चला पुढं." भोई जागचे हलले नाहीत. अर्ध्या गाऱ्हाण्यातून पालखी हलवायची हिंमत कोणाला? पुढच्या दांड्याखाली भागोजीचा मुलगा लवूच होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता. तो हळूच म्हणाला, "आप्पानू, खांदा तुटतोय, आटपा."

मी म्हटलं, "माझं झालंय, बाबा. आता तुमचं."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लवूने डोळे मिटले आणि बोंबललाच, "व्हय महाराजा!"

आणि कमळे, एकाने म्हटल्यावर सगळं गाव म्हणालं! विचार करून नव्हे, सवयीने. जन्मभर ज्या जागी जे तोंडातून निघालं ते निघालं. भागोजीचे ओठ हलले हे मी या डोळ्यांनी बघितलं. नंतर एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा उशीर झाला होता. गंगुबाई हमसून रडायला लागली. गोदा तशीच उभी.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज मिरवत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गावकी बसली. मुंबईकर, बायकामाणसं, सगळे. गोदालाही बोलावलं होतं, ती पोर घेऊन कडेला उभी. भागोजी गोड बोलला. "आप्पा आमच्या बापाच्या जागी. उनात भोवळ आली, सवयीनं तोंडातून गाऱ्हाणं ग्येलं. चुकून झालेलं देव धरत नाय. आप्पानू, चुकून झालं एवडंच बोला आनि घरी जावा. गाऱ्हाण्याचा मान तुमचा तुमच्याकडं."

मी तसं बोललो असतो तर गावाचं व्हयही चुकीचं ठरलं असतं, आणि ती तिथूनच झऱ्यावर गेली असती. हे त्याला ठाऊक होतं, मला होतं, तिलाही होतं. ती माझ्याकडे बघत होती, विनवणी करत नव्हती. नुसती बघत होती, हा काय करतो म्हणून.

तुला खोटं लिहीत नाही, तो मान मला सोडवत नव्हता. पुढच्या वर्षी पालखीपुढे दुसरा कोणी उभा राहील आणि मी पडवीत बसून ऐकेन, हे डोळ्यांपुढे आलं. आपण केलेलं बरं काम एका शब्दात परत घेता येतं, आणि कोणी नावही ठेवत नाही. म्हातारपणाला सगळं माफ असतं.

मी म्हटलं, "चुकून नाही घातलं, भागोजी. चुकलं ते गेल्या वर्षी. ह्या दारात गेल्या वर्षी घातलं नाही, ती चूक."

मान गेला. लवूला दिला. त्याला एक ओळ येत नाही, रोज संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणार आहे म्हणे, बापाला न सांगता. मला वाळीत टाकायची गोष्ट निघाली, पण दोन मुंबईकर उठून म्हणाले, मग आमचीही नावं घाला, आणि ती तिथेच राहिली. भागोजी माझ्याशी बोलत नाही. अर्धं गाव बोलत नाही. आज लवूने पहिलं गाऱ्हाणं चुकत चुकत घातलं, मी घरात बसून ऐकलं आणि रडलो, हेही लिहितो.

गोदा काल विहिरीवर गेली. बायका बाजूला सरल्या, कोणी बोललं नाही, पण रहाट कोणी अडवला नाही. परत येताना ती माझ्या पायरीशी थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीन. "आप्पानू, दुपारी जेवायला येवा. सासू वाट बगंल." आभार नाही, माफीही नाही. मी गेलो. भात, कुळथाचं सार आणि भाजलेली सुकट होती. पोर माझ्या मांडीवर दिलंन आणि आत गेली. पोराने माझं बोट धरलं आणि झोपलं. पाय बधिर झाला तरी मी हललो नाही.

कमळे, मी फार सुखात आहे. कसं सांगू? पूर्वी चार भाकऱ्या खाल्ल्या तेव्हाही मला सुख वाटलं होतं, पण ते लपवलेल्या खाऊसारखं होतं, कोणी येतंय का बघत खायचं. आता माझ्याकडे काहीच उरलं नाही आणि मला कोणाची भीती वाटत नाही. तुझी तेवढी वाटते. हे पत्र पावस गावच्या पोस्टात टाकायला मी स्वतः चालत जाणार आहे, आणि पत्ता माझ्या अक्षरात आहे. नको असेल तर उघडू नको.

तू त्या दिवशी निघून गेलीस ते बरोबर केलंस. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच पत्रं लागली.

तुझा,
आप्पा